पोटझाकणाची साडी

"तुमच्या दुकानातली साडी नेसून मी लग्नाला उभी राहणार नाही," असं मी अण्णांना सांगितलं, तेव्हा ते एका बाईंना त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी साडी दाखवत होते.

अण्णांचा हात हवेत होता. घडी धरून झटका दिला की साडी पसरत पसरत थेट गिऱ्हाइकाच्या मांडीपर्यंत जायची, ही त्यांची खासियत होती. त्या दिवशी ती अर्ध्यातच पडली.

"ही माझी मुलगी," अण्णा त्या बाईंना म्हणाले. "पुण्याला होती शिकायला." घरात कुणाला मधुमेह आहे हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. बाईंनी समजुतीने मान हलवली, पण साडी मात्र बाजूला सारली.

अण्णा म्हणजे माझे वडील, प्रभाकर माळवदे. बार्शीत त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि ते चालायचं बस्त्यांवर. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं जीप भरभरून यायची, चपला बाहेर काढून पांढऱ्या गादीवर बसायची आणि देवीच्या साडीपासून करवल्यांच्या रुमालापर्यंत सगळं कापड एका दिवसात घेऊन जायची. मधे चहा, दुपारी दुकानातर्फे जेवण, आणि जेवणानंतर रुसवेफुगवे. पन्नास कोसांतली अर्धी लग्नं अण्णांच्या गादीवरून उठून मांडवात गेली होती. आणि त्यांची एकुलती एक मुलगी आता माझ्या बस्त्याला दुसरं दुकान बघा म्हणत होती.

गिऱ्हाईक गेल्यावर अण्णांनी विचारलं, "कारण काय?"

"ते कापड नाही अण्णा, प्लास्टिक आहे. पेट्रोल ज्याच्यापासून निघतं त्याच्यापासूनच बनतं."

"मग भारीच झालं की. पेट्रोल काय स्वस्त आहे का?"

"रंगाचं पाणी नदीत सोडतात."

"आपल्या नदीत तर नाही ना सोडत? आपल्या नदीला पाणीच नाही."

हे असं चालायचं. मी पुण्यात 'मातीसूत' नावाच्या एका छोट्या कंपनीत काम करत होते. हातमागाचं कापड, झाडपाल्याचे रंग, विणणाऱ्याला योग्य मोबदला. प्रत्येक साडीला एक चिठ्ठी जोडलेली असायची आणि तिच्यावर विणणाऱ्या बाईचं नाव, गाव, तिला किती मुलं, ती विणताना काय गुणगुणते, असं सगळं असायचं. चिठ्ठी एवढी मोठी असायची की जपून कापलं तर तिचा ब्लाउज झाला असता. पण मी ते सगळं मनापासून मानत होते, अजूनही मानते. मॉलमधल्या मोठमोठ्या लेबलांचे कपडे मी वाटून टाकले होते आणि राखाडी रंगाच्या तीन कुर्त्यांवर दिवस काढत होते. मी घरी आले की आई प्रेमाने विचारायची, "अगं, हा धुवायचा राहिलाय का?"

अण्णांनी गादीवरच्या साडीची घडी घातली. "हे बघ हेमा. उद्या पांगरीचा माणूस बस्त्याला येईल आणि म्हणेल, माळवदे, तुमच्या पोरीनं तुमचं कापड घेतलं नाही, मग मी कशाला घेऊ? मी काय सांगू त्याला?"

"सांगा, मुलगी तत्त्वाची आहे."

"गिऱ्हाइकाला तत्त्व दाखवता येत नाही. घडी मोडून दाखवावी लागते."

तेवढ्यात आई डबा घेऊन आली. तिच्या अंगावर मोहरीच्या रंगाची साडी होती आणि तिच्यावर जांभळ्या किटल्या छापलेल्या होत्या. चहाच्या किटल्या, तोटीतून वाफ निघतेय अशा. आईची साडी बघितली की त्या वर्षी दुकानात काय खपलं नाही ते कळायचं, हा आमच्या घरातला जुना विनोद. किटल्या कित्येक दिवाळ्या फळीवर पडून होत्या. शेवटी घरी आल्या.

"तिला पाहिजे ते घेऊ द्या की," आई डबा ठेवत म्हणाली. "लग्न एकदाच होतंय."

"तुला काय कळतंय त्यातलं," अण्णा म्हणाले. त्यात राग नव्हता. पंखा लावावा इतक्या सवयीने ते तसं म्हणायचे. आई डबा उघडून निघून गेली.

त्यानंतर अण्णांनी माझ्याशी अबोला धरला, म्हणजे माझ्याशी जे बोलायचं ते आईला सांगायला लागले आणि मी शेजारीच बसलेली असायचे. मला वाईट वाटत होतं. अण्णांचं बार्शीत नाव होतं आणि ते बुडवायची मला हौस नव्हती. पण बोहल्यावर उभं राहताना अंगावर ज्याची लाज वाटेल असं काही नको, एवढंच माझं म्हणणं होतं. शेवटी एका जेवणात अण्णा ताटाकडे बघत आईला म्हणाले, "तिला सांग, बस्ता आपल्याच गादीवर होईल. माल तिच्या त्या मातीवाल्यांचा. म्हणावं, ये घेऊन."

मला इतका आनंद झाला की मी लगेच आगाऊपणा केला. "पण मग सगळाच. मानाच्या साड्यासुद्धा. बस्त्यात प्लास्टिकचा एक धागा जरी दिसला तर मी गादीवरून उठून जाईन."

"बोलून ठेवलंस," अण्णा पहिल्यांदाच थेट माझ्याकडे बघून म्हणाले. "लक्षात ठेव."

बस्त्याच्या दिवशी नवरदेवाची मंडळी फलटणहून आली. नवरदेव म्हणजे श्रीपाद हेंद्रे. पुण्यातच आमची ओळख झाली होती. माझ्यासमोर तो माझं म्हणणं पटतं म्हणायचा आणि त्याच्या आत्यासमोर आत्याचं, म्हणजे संसाराला तो तयारच होता. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती आणि मालूआत्यांनी त्याला वाढवलं होतं. नवरदेवाची आत्या म्हणजे मावळण, तिचा मान मोठा. मालूआत्यांना तो मान दुरून दिसायचा आणि कमी पडला तर जवळूनही. श्रीपादचे वडील आले, त्यांनी लोडाला टेकून चहा घेतला आणि त्यानंतर ते संध्याकाळपर्यंत झोपले.

पुण्याहून निनाद आला. 'मातीसूत' त्याचीच. लांब कुर्ता, बारीक दाढी, आणि गाठोडी अशी उचललेली की आत तान्हं बाळ असावं. त्याने गादीवर मांडी घातली आणि हात जोडले.

"आपण आज इथे शॉपिंगला बसलेलो नाही," तो म्हणाला. "आपण एका प्रवासाला बसलो आहोत."

"आम्ही पहाटेच निघालो होतो," मालूआत्या म्हणाल्या. "प्रवास झाला आमचा. साड्या दाखवा."

पहिली साडी देवीची घ्यायची असते. निनादने गाठोडं सोडलं आणि आदराने एक साडी पुढे ठेवली. ती राखाडी होती. कोपऱ्यात बसलेली आईसुद्धा जरा पुढे वाकून बघायला लागली.

"देवीला?" मालूआत्यांनी विचारलं.

"हा हिरड्यात मुरवलेल्या लोखंडाच्या गंजाचा रंग आहे, आत्या. पूर्ण नैसर्गिक."

"गंज," मालूआत्या म्हणाल्या. त्यांनी साडीचं टोक दोन बोटांत धरून वर उचललं. "आणि हे मधेच काय आलंय, गाठीसारखं?"

"ती हाताच्या विणीची खूण. मी तर म्हणतो, विणणाऱ्या ताईची सही आहे ती."

"सही करायची तर कोपऱ्यात करावी की माणसानं. मधोमध कशाला?"

श्रीपादने खाली बघितलं. मी पण बघितलं. निनादने दुसरी काढली, ती मातकट होती. तिसरी जरा जास्त मातकट होती. प्रत्येकीबरोबर तो चिठ्ठी वाचून दाखवत होता आणि मालूआत्या एकेक साडी मांडीवरून खाली सारत होत्या. "हे पोतेरं कुणासाठी?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा निनाद म्हणाला, "तुम्ही त्या साडीशी एक नातं फील करून बघा." मालूआत्यांनी तीही खाली सारली.

 बस्ता मोडतोय हे कळत होतं. दुपारच्या जेवणाच्या आत मालूआत्या उठणार, समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या दुकानात जाणार, आणि अण्णांची आयुष्यभराची अब्रू माझ्यामुळे जाणार. मी अण्णांकडे बघितलं. ते गल्ल्यापाशी बसून नुसते बघत होते आणि त्यांच्या कपाळाची शीर उडत होती. मला वाटलं, राग आलाय. पण तो राग नव्हता. समोर गिऱ्हाईक हातातून निसटतंय हे बघणं अण्णांना सहनच व्हायचं नाही, मग विकणारा दुसराच का असेना.

"जरा सरका," ते निनादला म्हणाले आणि मधोमध येऊन बसले. "बब्रुवान, इकडं ये."

बब्रुवान आमचा जुना सेल्समन. भरघोस मिशा, पण साडी अंगावर टाकून उभा राहिला की बायका त्याच्या मिशा विसरायच्या. अण्णांनी गाठोड्यातून एक साडी उचलली, अर्धी उघडली आणि लगेच परत मिटली.

"ही राहू दे. ही आत्याबाईंना दाखवायची नाही."

मालूआत्यांची मान वळली. "का म्हणून?"

"सगळ्यांना पेलत नाही ही. एक कलेक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांनी अंगावर टाकून बघितली आणि ठेवून दिली. म्हणाल्या, माळवदे, मला नाही शोभायची."

साडी त्या दिवशी सकाळीच पहिल्यांदा बार्शीत आली होती. निनादने तोंड उघडलं, तेव्हा मी त्याच्या कुर्त्याची बाही खेचली.

"बघू," मालूआत्या म्हणाल्या.

मग झटका बसला. तीच मातकट साडी, जी अर्ध्या तासापूर्वी पोतेरं होती, ती हवेत पसरत आली आणि मालूआत्यांच्या मांडीवर येऊन बसली. बब्रुवानने तिचा पदर खांद्यावर घेतला आणि नजर जरा तिरकी केली. अण्णा बोलत राहिले. मुंबईला या रंगासाठी बायका नंबर लावतात, ही धुवाल तशी मऊ होते, हिला इस्त्री केली तर ती रुसते. गंजाची साडी देवीला गेली नाही, हळदीत रंगवलेली गेली, पण गंजाची एका चुलत सासूला गेली आणि तिने ती आनंदाने घेतली. मालूआत्यांनी कलेक्टरीणबाईंना न पेललेली स्वतःसाठी ठेवली. माझं तत्त्व धडाधड खपत होतं, आणि सगळं थापा मारून खपत होतं. निनाद अण्णांकडे असा बघत होता, जणू त्याला ती थाप लिहून घ्यायची होती.

माझी साडी निघाली तेव्हा मात्र अण्णा गप्प झाले. मंजिष्ठेच्या मुळांत रंगवलेली, गडद लाल, सुती. त्यांनी ती उघडली, कापड दोन बोटांत धरून चोळलं आणि बराच वेळ चोळत राहिले.

"कापड चांगलं आहे," ते हळूच म्हणाले. गिऱ्हाइकाला नव्हे, मला. मग बब्रुवान पुढे येत होता त्याला त्यांनी थांबवलं आणि तो पदर स्वतःच्या हाताने माझ्या खांद्यावर टाकला.  अबोला संपला होता.

"लाल तर आहे," मालूआत्या म्हणाल्या. "चालेल."

जेवणं झाली. आता थोडंच राहिलं होतं. मालूआत्या नव्या साडीमुळे खुशीत होत्या आणि पान लावत होत्या.

"आता विहीणबाईंचं पोटझाकण," त्या म्हणाल्या.

मुलीला पोटात वाढवलं म्हणून नवऱ्याकडच्यांनी तिच्या आईला द्यायची ती ही साडी. ती देतात नवऱ्याकडचे आणि निवडतातही तेच. आईने फक्त नेसायची.

"पण आज मी नाही निवडत," मालूआत्या म्हणाल्या. "एवढी मोठी दुकानदारीण समोर असताना मी काय निवडू? विहीणबाई, तुम्हीच सांगा. कोणती पाहिजे?"

आई गादीच्या कडेला बसली होती. गादीच्या त्या बाजूला, गिऱ्हाइकाच्या जागी, मी तिला कधी बसलेलं बघितलं नव्हतं. तिने मालूआत्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. प्रश्न तिला कळला नसावा असं वाटलं.

"तिला काहीही चालतं," अण्णा घड्या घालता घालता म्हणाले.

निनादने तत्परतेने एक राखाडी साडी आईपुढे सरकवली.

"असू दे हो," मालूआत्या म्हणाल्या. "त्या सांगतील."

आईने राखाडीकडे बघितलं. समोरच्या सगळ्या ढिगाकडे बघितलं. मग तिची नजर ढिगावरून वर गेली, गादीच्या मागच्या फळ्यांवरून वर वर गेली आणि सगळ्यात वरच्या फळीवर थांबली.

"ती," ती म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. आईने हनुवटीने दाखवलं. वरच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत, एक राणी रंगाची साडी होती. राणी म्हणजे असा राणी की फळीवरचा अंधारसुद्धा गुलाबी झाला होता. त्यावर सोनेरी टिकल्या, काठाला सोनेरी वेल, पदराला लोंबते मणी. टीव्हीवरच्या एका मालिकेतल्या सुनेने एकदा तसली नेसली होती आणि त्या वर्षी प्रत्येक गिऱ्हाईक दारातूनच "ती सुनेची दाखवा" म्हणत आत येत होतं. धाग्याधाग्याने प्लास्टिक.

अण्णा हसले. "अगं, ती नाही. ती खपते."

इतकं साधं म्हणाले ते. सूर्य पूर्वेला उगवतो म्हणतात तसं. "शेवटची राहिलीय ती. पांगरीच्या मास्तरीणबाईंना ठेवलीय, शब्द दिलाय त्यांना."

"हो का?" आई म्हणाली. "मग राहू दे. मी आपलं उगीच म्हटलं." आणि तिने लगेच ती राखाडी साडी मांडीवर ओढली. "ही चांगली आहे की. गरम नाही होणार."

ती हे इतक्या पटकन बोलली की मला धडकीच भरली. असं पटकन बोलायला सवय लागते. मी तिच्याकडे नीट बघितलं. आपल्या एकुलत्या एका मुलीच्या बस्त्याला तिने शेवाळी रंगाची साडी नेसली होती. तिच्यावर नक्षी होती, पण एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूची छपाई चुकली होती आणि ती बाजू तिने निऱ्यांत दडवली होती. मला किटल्या आठवल्या. किटल्यांच्या आधी निळ्यावर हिरवे पोपट होते, ज्यांचे डोळे छापायचे राहिले होते. त्याच्या आधी कसल्याशा बरण्या. माझ्या बारशाच्या फोटोत तर आईच्या अंगावर चक्क बुद्धिबळाचा पट आहे. कापडवाल्याची बायको असून तिने जन्मात एकही साडी निवडली नव्हती. लोकांनी नाकारून झाल्यावर जे उरायचं ते ती नेसायची. आम्ही सगळे हसायचो आणि तीही आमच्याबरोबर हसायची.

मला रडू यायला लागलं आणि त्याच वेळी सगळ्यांचा रागही आला, अण्णांचा, निनादचा, त्या मालिकेतल्या सुनेचा, सगळ्यात जास्त त्या राखाडी साडीचा. माझ्याकडे तिच्या विणणारीचं नाव होतं, गाव होतं, ती काय गुणगुणते ते होतं. आईला राणी रंग आवडतो हे मला त्या दिवशी कळलं.

"बब्रुवान," मी म्हणाले, "शिडी लावा."

 श्रीपाद माझ्या कानाशी वाकला. "हेमा, तुझा नियम."

"गप्प बस."

"ती पॉलिस्टर आहे," निनाद म्हणाला.

"मला दिसतंय."

अण्णांनी हातातली घडी खाली ठेवली. "एक धागा आला तर उठून जाणार होतीस ना? मग आता उठतीस का?"

"उठतेच," मी म्हणाले. "शिडी धरायला." आणि उठले.

"मास्तरीणबाईंना शब्द दिलाय मी."

"त्यांना ही राखाडी दाखवा. सांगा, कलेक्टरीणबाईंना पेलली नाही."

मालूआत्यांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि स्वतःच्या मांडीवरच्या साडीकडे एकदा बघितलं. मग अण्णांकडे बघितलं. हिशेब पुढे कधीतरी होणार हे सगळ्यांना समजलं.

आई म्हणत होती, "अगं, कशाला, नको, बस खाली." तिचा चेहरा लाल झाला होता. अण्णा तिच्याकडे बघत होते. किती वेळ बघत होते ते सांगता येणार नाही, पण त्यांची नजर तिच्या निऱ्यांपाशी गेली आणि तिथे अडकली. छपाई कुठे चुकली आहे हे त्यांना माहीत होतं. ती साडी त्यांनीच घरी आणली होती.

"सरक," ते बब्रुवानला म्हणाले. गुडघे दुखत असताना ते स्वतः शिडीवर चढले. मी खाली शिडी धरून उभी राहिले. त्यांनी ती साडी काढली, खाली आले, पिशवी फाडली आणि आईसमोर बसले. झटका दिला. राणी रंग, टिकल्या, मणी, सगळं सळसळत हवेतून आलं आणि थेट आईच्या मांडीवर पडलं. सबंध दुकानात गुलाबी उजेड झाला.

"काठ बघा, बाई," अण्णा म्हणाले. "पदर बघा."

आईने त्यांच्याकडे बघितलं. अण्णा तिला 'बघा' म्हणाले होते. मग ती सावरून बसली. पदर उलटा करून तिने मागची बाजू तपासली, टिकली नखाने खरवडून बघितली, कापड नाकाशी नेऊन वास घेतला. हे सगळं तिने आयुष्यभर दुसऱ्या बायकांना करताना बघितलं असणार.

"रंग जाईल का?" तिने विचारलं.

"जाणार नाही."

"गॅरंटी काय?"

"माळवद्यांची."

"मग द्या," आई म्हणाली.

मालूआत्यांनी साडीला कुंकू लावलं आणि आईची ओटी भरली. निनादने मान फिरवली, पण मी बघितलं, त्याचे डोळे ओले होते. त्याने नंतर मला सांगितलं की ते त्या गुलाबीमुळे होते.

लग्नाच्या फोटोत आमच्याकडचे आणि त्यांच्याकडचे सगळे ओळीने उभे आहेत, गंज, माती, राख, डाळिंबाची साल. कुणीतरी आजारी असावं असा सगळा रंग आहे. मधे मी लाल. अंतरपाट धरला होता तेव्हा मला घाम आला आणि मंजिष्ठेचा रंग गळ्यावर, हातांवर आणि पुढे श्रीपादच्या सदऱ्यावर उतरला, त्यामुळे आम्ही दोघेही मारामारी करून आल्यासारखे दिसतो. आणि अगदी कडेला आई उभी आहे. बघणाऱ्याला नवरी तीच वाटते.

अण्णांची गॅरंटी मात्र खरी निघाली. त्या दिवसभरात गिऱ्हाइकाला म्हणून ते बोललेलं तेवढंच खरं होतं. माझी साडी विटली, मऊ झाली, आता तिचं दुपटं झालंय. आईची ती राणी तशीच्या तशी आहे. उन्हात वाळवली, दगडावर आपटली, एकदा उंदराने कुरतडायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. एक टिकलीसुद्धा हललेली नाही.

अण्णा गेल्यावर दुकान विकायचं चाललं होतं. श्रीपादची तेव्हा इकडच्या कॉलेजात बदली झाली होती, म्हणून मी म्हटलं, मी बसते. आता गादी माझ्याकडे आहे. फळ्यांवर हातमाग, झाडपाल्याचे रंग, बारीक चिठ्ठ्या. गाठ मधोमध असेल तर मी सांगते की ही सगळ्यांना पेलत नाही, आणि गिऱ्हाईक घेतं. दुपारी आई डबा घेऊन येते आणि जरा वेळ टेकते. हल्ली पाचसहा साड्या तिने स्वतः निवडून घेतल्या आहेत, त्यातल्या दोन माझ्याकडच्या, पण सणासुदीला ती राणीच नेसते. माझ्या सगळ्या गंजामातीच्या मधोमध ती तशी झगमगत बसते आणि धंद्याचं वाटोळं करते.

गेल्या दसऱ्याला दोन बायका आल्या. मी त्यांना दुपारभर साड्या दाखवल्या, घड्या मोडून मोडून हात दुखले. शेवटी त्यातली एक कडेला बसलेल्या आईकडे बोट दाखवत म्हणाली, "हे राहू द्या. आम्हाला तसली दाखवा की."

मी काही बोलणार, तेवढ्यात आईने डब्याचं झाकण लावता लावता मान वर केली.

"ती शेवटची होती," ती म्हणाली. "मी घेतली."